कान अचानक बंद झाला? थेंब टाकण्याआधी थांबा



नेहमी मी तुम्हाला एखादा आजार समजावून सांगतो. आज आजाराबरोबर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय हा विषय नीट समजणार नाही, असं मला वाटतं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

सोयाबीनच्या राशीचे दिवस होते. हदगावात बाजार भरलेला, त्यामुळे दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्यांची ही गर्दी. त्या गर्दीत चाळिशीच्या आतला एक शेतकरी आला. धडधाकट दिसणारा, फक्त जरा उतरलेला. म्हणाला, "साहेब, उजव्या कानात कापूस कोंबल्यावानी झालंय. आन आत रातकिडा ओरडल्यावानी आवाज यायलाय."

केव्हापासून? परवा सकाळपासून. रात्री चांगला झोपला, सकाळी उठला तर उजव्या कानाने ऐकू येईना. सुरुवातीला त्याला वाटलं की मोबाईल बिघडला. फोन उजव्या कानाला लावायची सवय, आणि पलीकडचा आवाजच येईना. तो आधी मोबाईलच्या दुकानात गेला. दुकानदाराने फोन चांगला आहे म्हणून परत दिला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की बिघाड फोनमध्ये नाही, कानात आहे. मग त्याने मळणी यंत्राच्या आवाजाला दोष दिला. घरच्यांनी लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं. तरीही काही फरक नाही म्हणून माझ्याकडे आला.

मी बॅटरी लावून कानात पाहिलं. थोडा मळ होता. थोडा मळ कुणाच्याही कानात असतो. बाहेर तीस-चाळीस माणसं बसलेली. मी मळ मऊ होण्याचे थेंब लिहून दिले आणि म्हणालो, "चार-पाच दिवसांनी या, मळ काढून टाकू."

ही माझी चूक. मळाने कान बंद होतो तो बहुतेकदा हळूहळू, किंवा अंघोळीत पाणी जाऊन मळ फुगला की. एका रात्रीत, पाणी न जाता कान गेला आणि आत आवाज सुरू झाला, तर मळावर बोट ठेवण्याआधी एक साधी चाचणी करायला हवी होती. त्यासाठी लागणारा ट्यूनिंग फोर्क एमबीबीएसच्या दिवसांपासून माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. तो काढायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

कान दोन प्रकारे बंद होतो

आवाजाचा रस्ता दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात कानाचं भोक, पडदा आणि पडद्यामागची तीन चिमुकली हाडं. इथे अडथळा आला, म्हणजे मळ, पाणी, पू, पडद्याला छिद्र, तर आवाज आत पोहोचतच नाही. याला आपण वहनाचा बहिरेपणा म्हणू. बहुतेक वेळा तो दुरुस्त होण्यासारखा असतो.

दुसऱ्या टप्प्यात गोगलगाईच्या शंखासारखा अंतःकर्ण आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस. शंखातल्या सूक्ष्म केसपेशी आवाजाच्या लहरींचं रूपांतर विजेच्या संदेशात करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. इथे झालेला बहिरेपणा म्हणजे नसेचा बहिरेपणा. तो ७२ तासांच्या आत अचानक आला आणि श्रवण आलेखात लागोपाठच्या तीन पट्ट्यांत ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट दिसली, तर डॉक्टर त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. ही तातडीची बाब आहे. छातीत दुखलं तर आपण सकाळची वाट पाहत नाही. इथेही आठवड्याची वाट पाहायची नसते.

दोन्हींतला फरक घरीसुद्धा थोडाफार ओळखता येतो. तोंड मिटून 'म्म्म' असं सलग गुणगुणा. बंद कानात आवाज जास्त घुमला, तर अडथळा बहुधा पहिल्या टप्प्यात, म्हणजे मळ-पाण्याचा. चांगल्या कानात जास्त घुमला, तर नसेचा संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्ही ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतो, ते हेच पाहायला. घरच्या चाचणीवर पूर्ण विसंबू नका. मात्र ती दुसरीकडे बोट दाखवत असेल, तर थेंब टाकत बसू नका.

हे कुणालाही होऊ शकतं

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतः जाहीर केलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. विमानातून उतरल्यावर अचानक त्यांना काहीच ऐकू येईना. विषाणूच्या हल्ल्यामुळे नसेचा बहिरेपणा आल्याचं निदान त्यांच्या डॉक्टरांनी केलं. ज्यांचं सगळं आयुष्य सुरांवर उभं आहे, त्यांच्यावर हे कुठलीही पूर्वसूचना न देता आलं. मग शेतात काम करणाऱ्याला किंवा शाळेत शिकवणाऱ्याला ते येणार नाही असं कसं म्हणावं?

अमेरिकेतल्या अंदाजानुसार एक लाख लोकांमागे वर्षाला ५ ते २७ जणांना असा बहिरेपणा येतो. यातल्या सुमारे ९० टक्के लोकांत नेमकं कारण सापडत नाही. विषाणू किंवा रक्तपुरवठ्यातला अडथळा, असा तर्कच करावा लागतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. कान अचानक गेला म्हणजे कॅन्सर झाला, असा अर्थ मुळीच नाही. फार थोड्या लोकांत तसं निघतं. पण ज्याच्यात निघतं, त्याच्यासाठी तो कान म्हणजे वेळेवर वाजलेली घंटा असते. माझ्यासमोर ती वाजली आणि मी तिला मळ समजलो.

सहा दिवसांनी

सहा दिवसांनी तो परत आला. या वेळी बायको बरोबर होती, कारण आता त्याला डाव्या कानानेही कमी ऐकू यायला लागलं होतं. चालताना तोल जात होता. मी काही विचारलं की तो बायकोच्या तोंडाकडे बघायचा.

आता मात्र मी खणातून फोर्क काढला. मळ, अडथळा वगैरे काही नव्हतं. दोन्ही कानांची नस होती. दोन्ही कान एकदम जाणं हे या आजारात फार कमी दिसतं, शंभरात पाचांहूनही कमी. तसं दिसलं की डॉक्टरने कानाच्या बाहेर, सगळ्या शरीरात कारण शोधायला पाहिजे.

मी बायकोला विचारलं, अलीकडे तब्येत कशी होती? ती म्हणाली, "दोन महिन्यापासून भाकर अर्धीच खायलेत, साहेब. पोट गच्च झालंय म्हनतेत. आन रातच्याला घाम यायलाय. आमाला वाटलं राशीचं काम हाय, थकलेत."

मी त्याला टेबलावर झोपवलं. पहिल्या दिवशी हे केलंच नव्हतं. कानाच्या तक्रारीसाठी पोट कोण तपासतं? डाव्या बरगडीखाली हात ठेवला तर प्लीहा, जिला आपण पानथरी म्हणतो, ती पार बेंबीपर्यंत आलेली. पोट भरल्यासारखं वाटत होतं ते यामुळे. तिने जठराला जागाच ठेवली नव्हती.

लगेच रक्त काढलं. सीबीसी, म्हणजे डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट बघायला तुम्ही जी तपासणी करता तीच, दोन-तीनशे रुपयांची. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन आला. म्हणाला, "सर, मशीन चुकतंय का म्हणून दोनदा लावलं." पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. त्याच्या तीन लाखांच्या वर होत्या.

तो रक्ताचा कर्करोग होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, सीएमएल.

रक्ताच्या आजाराने कान कसा जातो?

आपल्या भागातलंच उदाहरण देतो. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी चारीतून शेतात येतं. ज्याचं शेत चारीच्या अगदी शेवटी, त्याला विचारा. वर कुठे गाळ साचला की सगळ्यांत आधी कोरडं पडतं ते त्याचं शेत. त्याला दुसरीकडून पाणी येण्याची सोयच नसते.

अंतःकर्ण हे असं शेवटचं शेत आहे. त्याला एकच बारीक रक्तवाहिनी येते आणि तिला दुसरा पर्यायी रस्ता नाही. रक्तात पांढऱ्या पेशी लाखांनी वाढल्या की रक्त दाट होतं, बारीक वाहिन्यांत पेशी अडकतात, कधी आत रक्तस्राव होतो. मोठ्या अवयवांना हे कळायच्या आधी कानाला कळू शकतं. कधीकधी डोळ्यालाही. म्हणून अशा रुग्णाला डोळ्यापुढे अंधुकही दिसू शकतं. सीएमएलची सुरुवात बहिरेपणाने होणं दुर्मिळ आहे. बहुतेकांना थकवा, वजन घटणं, पोट जड होणं, रात्री घाम असली लक्षणं असतात, किंवा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या रक्त तपासणीत तो सापडतो. माझ्या रुग्णात ही लक्षणंही होती. मी विचारली नव्हती, एवढंच.

त्याच रात्री त्यांना नांदेडला पाठवलं. वारंगा फाट्यावर गाडी थांबवून त्याने बायकोला खिचडी खायला लावली आणि स्वतः गाडीतच बसून राहिला, हे तिने मला नंतर सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्याला धड ऐकूही आला नव्हता. तो मला कागदावर लिहून दाखवावा लागला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. सलाइन आणि गोळ्या देऊन आधी पेशी खाली आणल्या. जनुकाच्या तपासणीत सीएमएल पक्का झाला आणि इमॅटिनिब ही गोळी सुरू झाली. २००१ मध्ये अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली आणि या आजाराचं चित्रच पालटलं. भारतात मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे स्वस्त गोळीचा रस्ता मोकळा राहिला. आज सीएमएलचे बहुतेक रुग्ण रोज गोळी घेऊन, ठरलेल्या वेळी रक्त तपासून, बीपी-शुगरच्या रुग्णासारखे वर्षानुवर्षं जगतात. पाश्चात्य देशांत हा आजार साठीनंतर जास्त दिसतो. आपल्याकडे मात्र पुष्कळदा चाळिशीच्या आसपास, म्हणजे घर ज्याच्यावर चालतं त्या वयात.

त्याचा डावा कान बराचसा परत आला. उजवा नाही आला.

कानातून कळणारे इतर आजार

सीएमएल सोडून आणखी काही गोष्टी कानाच्या आड लपलेल्या असू शकतात. त्या ओळखून ठेवा.

नाकामागची गाठ. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला कानाची नळी उघडते. तिथे कॅन्सरची गाठ वाढली की नळी दबते, पडद्यामागे पाणी साचतं आणि कान बंद होतो. हा वहनाचा बहिरेपणा असतो. लहान मुलांना सर्दीत असं पाणी नेहमी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मोठ्या माणसाचा एकच कान, सर्दी नसताना आठवडेच्या आठवडे बंद राहिला, त्यात शेंबडातून रक्त येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर दुर्बिणीने नाकाच्या मागची जागा पाहिलीच पाहिजे. हा कॅन्सर नागालँड-मणिपूरकडे जास्त, आपल्याकडे कमी. त्यावर प्रामुख्याने शेक, म्हणजे रेडिएशन देतात, आणि लवकर सापडला तर गुण चांगला येतो.

नसेवरची साधी गाठ. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेवर एक गाठ येते, अकूस्टिक न्यूरोमा. ही कॅन्सर नव्हे, हळूहळू वाढते. अचानक बहिरेपणा आलेल्यांचा एमआरआय केला तर वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या तीनपासून दहा जणांपर्यंत ही गाठ सापडली आहे. म्हणूनच ऐकू परत आलं तरी एमआरआय टाळू नका. गाठ आहे त्याचंही ऐकू येणं औषधाने सुधारू शकतं, आणि मग रुग्णाला वाटतं आता कशाला खर्च.

आधीच्या कॅन्सरचा फैलाव. स्तनाचा, फुप्फुसाचा कॅन्सर कधी मेंदूच्या आवरणात पसरतो आणि तिथे कानाच्या नसा सापडतात. अशा वेळी दोन्ही कान थोड्या दिवसांत जातात. सोबत डोकेदुखी, उलटी, चेहरा वाकडा होणं असू शकतं. पूर्वी कॅन्सरचा उपचार झाला असेल तर कान दाखवताना ते आवर्जून सांगा. दहा वर्षं झाली असली तरी सांगा. मात्र सिसप्लॅटिनसारख्या कॅन्सरच्या औषधानेही ऐकू कमी होतं. त्यामुळे फैलावच झाला असं मनाशी धरून बसू नका. तपासणी करू द्या.

मग करायचं काय?

१. कान अचानक बंद झाला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवा. गरम तेल, लसूण, काडी, थेंब यात दिवस घालवू नका.

२. डॉक्टरला सरळ विचारा, "हा मळ आहे की नस?" कुणाला राग येणार नाही. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३. नसेचा संशय असेल तर श्रवण आलेख काढून घ्या. हदगावहून कान-नाक-घसा तज्ज्ञासाठी नांदेडला जावं लागेल. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

४. उपचार म्हणजे बहुतेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्या तर उपयोगाची शक्यता जास्त. त्याने भागलं नाही तर कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. उपचाराशिवायही तीनातल्या एक-दोघांचं ऐकू येणं काही अंशी परत येतं. पण आपण त्या एक-दोघांत आहोत की नाही, हे आधी कळत नाही.

५. स्टेरॉइड मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. शुगर असेल तर ती झपाट्याने चढते. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये स्टेरॉइडने आजाराच्या खुणा काही काळ झाकल्या जातात. म्हणून गोळी सुरू होण्याआधी सीबीसीसाठी रक्त देऊन टाका. रिपोर्टसाठी गोळी लांबवू नका, रक्त फक्त आधी काढलेलं असू द्या.

६. सोबत थकवा, घटलेलं वजन, रात्रीचा घाम, पोटात डाव्या बाजूला जडपणा, हिरड्यांतून रक्त, मानेत गाठ यातलं काहीही असेल, तर विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा. "कानाचा याच्याशी काय संबंध" असं समजून गप्प बसू नका.

७. कानाबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूची शक्ती गेली किंवा उभंच राहता येईना, तर तो लकवा असू शकतो. थेट मोठा दवाखाना गाठा.

पैशांची काळजी असेल तर एक सांगतो. कॅन्सरचे पुष्कळसे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, मग शेत विकायचं का याचा विचार करा.

त्याने विचारलेला प्रश्न

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तो शेती करतो, रोज गोळी घेतो, ठरलेल्या वेळी रक्त तपासून येतो. दवाखान्यात आला की आपली खुर्ची फिरवून डावा कान माझ्याकडे करून बसतो. फोन डाव्या कानाला लावायची सवय त्याने केली आहे. मळणी यंत्राजवळ मात्र तो आता जात नाही. एकच कान उरलाय, तो जपायचा म्हणतो.

मागच्या वर्षी त्याने मला विचारलं, "साहेब, पहिल्याच दिशी रगत तपासलं असतं तर ह्यो कान वाचला असता का?"

मी खरं ते सांगितलं. खात्रीने सांगता येत नाही. तो आला तेव्हा दोन दिवस आधीच गेले होते. पण त्या दिवशी रक्त तपासलं असतं, तर वाचण्याची संधी जास्त होती, आणि डावा कान कदाचित गेलाच नसता. ते सहा दिवस माझ्यामुळे गेले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं. आता दुसऱ्याचं तरी बघा."

तेव्हापासून फोर्क खणात नसतो, टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी असतो. कान बंद झाला म्हणून कुणी आलं, की बाहेर कितीही गर्दी असो, आधी तो कपाळावर टेकवतो आणि विचारतो, "आवाज कुठल्या कानात आला?" बहुतेक वेळा मळच निघतो. मळ निघाला की मला फार बरं वाटतं.

तुमच्या घरात कुणाचा फोन अचानक "बिघडला" असेल आणि दुकानदार म्हणत असेल की फोन चांगला आहे, तर त्या माणसाला आज 'म्म्म' करायला सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो. तपासणी आणि औषध तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)